मूल किती आजारी आहे, हे कोणी ओळखायचे?

(औंढा नागनाथ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात शेतमालाचे भाव, पीकविमा, रोजगार हमी असे विषय नेहमी होतात. त्यांच्या पंक्तीला आजारी बालकांचा विषय आणून बसवल्याबद्दल काहींना नवल वाटेल. त्यातून मी अर्थशास्त्राचा माणूस. वैद्यकशास्त्रात मला अधिकार नाही. परंतु समाजातील कोणते ज्ञान कोणाच्या हाती असावे, ते किती जणांपर्यंत पोहोचावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटपाचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा तसाच समाजवादाचाही गाभा आहे. म्हणून एका साध्या प्रश्नाभोवती मी आज बोलणार आहे. मूल नुसते आजारी आहे की गंभीर आजारी आहे, हा फरक ओळखण्याची विद्या आपण कोणाला शिकवली आहे? आणि ज्यांना शिकवली असे आपण म्हणतो, त्यांना ती खरोखर येते काय?

प्रथम काही आकडे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, देशाचा २८. ही प्रगती खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच पाहणीत राज्याचा नवजात मृत्युदर ११ आहे. म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या प्रत्येक सोळा बालकांपैकी अकरा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. त्या दिवसांत बाळ कोणाच्या नजरेखाली असते? आईच्या, आजीच्या, आणि घरी आलीच तर आशा कार्यकर्तीच्या. बालरोगतज्ज्ञ त्या वेळी पंचवीस किलोमीटरवर हिंगोलीत असतो किंवा साठेक किलोमीटरवर नांदेडला. त्याच्यापर्यंत बाळ केव्हा पोहोचणार, हे तो ठरवत नाही. ज्याने बाळ प्रथम पाहिले, तो ठरवतो.

या पहिल्या पाहणाऱ्यांची साखळी आपण नीट डोळ्यांपुढे आणली पाहिजे. घरी आशा, अंगणवाडीत सेविका, उपकेंद्रात परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी. पुढे रुग्णवाहिका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या गाडीत डॉक्टर असतो. तो बहुधा आयुर्वेद वा होमिओपॅथी शाखेचा पदवीधर असतो. १०२ क्रमांकाची गाडी माता आणि बालकांना ने-आण करते. तिच्यात पुष्कळदा चालकाखेरीज कोणीच नसते. निमवैद्यकीय कर्मचारी हा शब्द आपण सैलपणे वापरतो. परंतु आजारी बालकाच्या दृष्टीने ही सारी माणसे, त्या चालकासकट, निमवैद्यकीयच आहेत. साखळीची एक कडी जरी ‘काही विशेष नाही, सकाळी पाहू’ असे म्हणाली, तरी पुढच्या सर्व कड्या निरुपयोगी होतात.

आता कोणी म्हणेल, गंभीर आजारी माणूस तर कोणालाही ओळखता येतो, त्याला शिक्षण कशाला? मोठ्या माणसाच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. तो बोलतो, कण्हतो, कुठे दुखते ते सांगतो. बालकाचे तसे नसते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, तरी बालकाचे शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवते. आणि तो एकदा सुटला की थोड्या मिनिटांतच सारे हातचे जाते. म्हणून रक्तदाब ठीक आहे म्हणजे मूल ठीक आहे, हे मोठ्यांवरून शिकलेले सूत्र मुलांच्या बाबतीत घात करते. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असे नाही. पुष्कळदा अंग उलट गार पडते. त्याचे रडणे क्षीण होते, ते अंगावर पिणे सोडते आणि गप्प पडून राहते. घरातील माणसांना वाटते, बाळ शांत झाले. ही शांतताच धोक्याची असते.

मात्र या गोष्टी गूढ नाहीत. त्या पाहता येतात, मोजता येतात आणि शिकवता येतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार अधिक गंभीर. मूल काहीच पीत नसेल, प्यालेले सारे उलटून टाकत असेल, झटके आले असतील, हाक मारून हलवूनही मलूलच राहत असेल, तर एवढ्यावरूनच त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश मागे गेली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी २००० सालाच्या सुमारास रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांसाठी तीन गोष्टींची एक पद्धत बसवली: मुलाची नजर व हालचाल, श्वासाचे कष्ट आणि कातडीचा रंग. मुलाला हात लावण्यापूर्वी, अर्ध्या मिनिटात, नुसत्या पाहण्याने हा अंदाज घ्यायचा असतो.

हे सामान्य शिक्षणाच्या माणसाला जमते काय? याचे उत्तर बाहेरून आणावयाची गरज नाही. ते महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि पारंपरिक दाया यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर औषध देण्यास शिकवले. दायांपैकी कित्येकींना साठापर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून एक साधे साधन बनवण्यात आले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी आला, तर तो न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या माणसांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, ज्या गावांत हे काम नव्हते तेथे ते शेकडा १३.५ होते. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. हा अहवाल १९९९ चा. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशांच्या नवजात गृहभेटी सुरू झाल्या.

या यशाचे श्रेय पुष्कळदा साधनाला किंवा औषधाला दिले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका केले, त्या एकदा शिकून घरी गेल्या नाहीत. त्या आठवड्याआड नव्हे, दर आठवड्याला जामखेडला येत; गावात काय पाहिले ते सांगत, एकमेकींकडून शिकत आणि पुन्हा गावी जात. गडचिरोलीतही कामावर सतत देखरेख होती, चुका तेथल्या तेथे दुरुस्त होत. जेथे शिकणे चालू राहिले, तेथे मुले वाचली. आजचा माझा मुद्दा एवढाच आहे.

जेथे शिकणे चालू राहिले नाही तेथे काय झाले, याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे, आणि ते आपल्याच चळवळीच्या घरातले आहे. जनता सरकारच्या काळात आपले साथी राजनारायण आरोग्यमंत्री असताना २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. गावानेच आपला माणूस निवडावा, त्याला तीन महिने शिकवावे, महिना ५० रुपये मानधन द्यावे आणि लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती सोपवावे, ही तिची कल्पना होती. कल्पना थोर होती. आल्मा-आटाच्या जाहीरनाम्याच्या एक वर्ष आधी आपल्या देशाने हे पाऊल उचलले, याचा अभिमान वाटावा. परंतु तीन महिन्यांनंतर त्या माणसाला पुन्हा कोणी शिकवले नाही. निवडीत पुष्कळ ठिकाणी गावातील वजनदार मंडळींचे हितसंबंध शिरले, देखरेख नावापुरती उरली, आणि ज्या आयांना आपल्या मुलाबद्दल बोलायचे होते त्यांच्यासमोर बहुतेक ठिकाणी पुरुष उभा होता. पुढे योजनेची नावे बदलली, परंतु दोष तोच राहिला. लोकांच्या हाती आरोग्य दिले. आरोग्याचे ज्ञान मात्र त्या हातांत टिकू दिले नाही.

औंढ्याच्या भूमीत उभे राहून बोलताना एक कथा आठवल्यावाचून राहत नाही. ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेतले, प्रत्येकाच्या मस्तकावर थाप मारून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर नामदेव येथे औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, अशी परंपरा सांगते. कथेतील अध्यात्म मी भाविकांवर सोपवतो. माझे लक्ष त्या कुंभाराच्या हाताकडे जाते. कच्चे कोणते आणि पक्के कोणते, हे त्याच्या हाताला कळत होते, कारण त्या हाताखालून हजारो मडकी गेली होती. पुस्तकात आवाजाचे वर्णन वाचून ते कळले नसते. आजारी मूल ओळखणे हीसुद्धा अशीच हाताची आणि डोळ्याची विद्या आहे. निरोगी शंभर मुलांचे श्वास मोजल्याशिवाय आजारी मुलाचा श्वास डोळ्यांत भरत नाही.

आणि आपले सरकारी प्रशिक्षण कसे असते? एका दालनात साठ माणसे बसतात, पडद्यावर इंग्रजी मिसळलेली वाक्ये सरकतात, हजेरीपटावर सह्या होतात, दुपारचे जेवण होते, प्रमाणपत्र मिळते. त्या दालनात आजारी मूल नसते, निरोगी मूलही नसते. पुढे वर्ष-दोन वर्षे त्या कर्मचाऱ्याला गंभीर आजारी बाळ दिसतच नाही, कारण सुदैवाने अशी बाळे रोज भेटत नाहीत. आणि एके रात्री ते समोर येते, तेव्हा शिकलेले बरेचसे विसरलेले असते. विरळ प्रसंगासाठी लागणारे कौशल्य वारंवार उजळावे लागते, हे अग्निशामक दलाला कळते. आरोग्य खात्याला ते कळू नये, हे आश्चर्य आहे. ब्रिटनमध्ये हीच अडचण ओळखून आरोग्य खात्याने खऱ्या आजारी मुलांच्या चित्रफितींवर आधारलेला शिक्षणक्रम तयार करवून घेतला. जे मूल प्रत्यक्ष भेटत नाही, ते निदान पडद्यावर श्वास घेताना दिसावे. मराठीतून, आपल्या घरांतील मुलांच्या अशा चित्रफिती प्रत्येक आशेच्या फोनवर असण्यास कोणती तांत्रिक अडचण आहे?

या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला आपल्याच बाजूचे लोक घेतात. ते म्हणतात, श्रीमंताच्या मुलाला तज्ज्ञ आणि गरिबाच्या मुलाला आशा, ही विषमता तुम्ही शिक्षणाच्या नावाखाली कायम करीत आहात. आक्षेपामागील संताप रास्त आहे. तज्ज्ञ हवेत, तालुक्याला हवेत, आणि ती मागणी आपण सोडू नये. परंतु औंढ्यात उद्या दहा बालरोगतज्ज्ञ आले तरी रात्री दोन वाजता वाडीवरच्या घरात बाळाची छाती आत ओढली जात आहे, हे ओळखण्यास तेथे कोणीतरी लागेलच. ओळखणे आणि उपचार ही दोन कामे आहेत. पहिले काम गावात झाले तरच दुसऱ्याला अवसर मिळतो.

दुसरा आक्षेप व्यवस्थेच्या बाजूने येतो. अर्धवट शिकलेली माणसे प्रत्येक सर्दीला रुग्णालयात धाडतील आणि खाटा भरून जातील, असे सांगितले जाते. येथे अर्थशास्त्राचा थोडा उपयोग आहे. चुका दोन प्रकारच्या असतात. बऱ्या मुलाला गंभीर समजले, तर गाडीचा एक फेरा आणि आईबापांची एक दिवसाची मजुरी जाते. गंभीर मुलाला बरे समजले, तर मूल जाते. ज्या दोन चुकांची किंमत इतकी असमान आहे, त्यांना तराजूच्या एकाच पारड्यात मोजणे हा हिशेब नव्हे. शिवाय चांगले शिक्षण दोन्ही चुका कमी करते.

ओळख उशिरा झाली म्हणजे त्याचा भार कोठे पडतो, तेही पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे आणि मनुष्यबळ यांच्या टंचाईवरून देशभर चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि ते योग्यच झाले. प्रशासनाने त्या वेळी सांगितले की यांतील पुष्कळ रुग्ण इतर ठिकाणांहून अखेरच्या अवस्थेत आले होते. या उत्तराने रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. परंतु ते उत्तर खरे मानले, तर आरोपाचे वर्तुळ मोठे होते. ती अर्भके अखेरच्या अवस्थेपर्यंत कोठे होती? त्यांना कोणी पाहिले? निघताना त्यांना ऊब आणि प्राणवायू मिळाला होता काय? हे प्रश्न नांदेडच्या दारात नव्हे, आपल्या गावांत आणि रस्त्यावर विचारावयाचे आहेत.

म्हणून पुढील मागण्या मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली. बालकांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक निमवैद्यकीय कर्मचाऱ्याचे शिक्षण प्रत्यक्ष मुलांच्या कक्षात व्हावे. हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते केवळ भावी डॉक्टरांसाठी नसून जिल्ह्यातील आशा, परिचारिका आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचीही ती शाळा झाली पाहिजे.

दुसरी. दर तीन महिन्यांनी उजळणी व्हावी, आणि तिची परीक्षा कागदावर नव्हे, श्वास मोजून व्हावी.

तिसरी. १०२ आणि १०८ च्या प्रत्येक गाडीत बालकाच्या मापाची साधने असावीत: लहान मुखवटा व श्वास देण्याची पिशवी, बाळाच्या पायाला बसेल असा ऑक्सिमीटर, रक्तातील साखर तपासण्याची पट्टी, मिनिटाचे घड्याळ आणि ऊब देण्याचे कापड. चालकालाही धोक्याची लक्षणे आणि बाळाला आईच्या छातीशी धरून नेण्याची पद्धत शिकवावी.

चौथी. ज्याने मूल पाठवले, त्याला रुग्णालयाने कळवावे की निदान काय निघाले आणि मुलाचे काय झाले. आज आशा मूल गाडीत बसवते आणि तिची अंदाजाची परीक्षा कधीच तपासली जात नाही. बालमृत्यूंच्या अन्वेषणाची केंद्राची मार्गदर्शिका २०१४ पासून आहे. त्या अन्वेषणाचा उपयोग कनिष्ठाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी व्हावा.

पाचवी. शिकण्याचा दिवस हा कामाचा दिवस मानून त्याचे वेतन मिळावे. नवजात बाळाच्या दीड महिन्यातील साऱ्या गृहभेटींसाठी आशेला योजनेने २५० रुपये ठरवले. ज्या नजरेवर बाळाचा जीव अवलंबून, तिची ही किंमत! ऑक्टोबर २०२३ पासून आशांनी जे संप केले, ते मानधनाचे होते तसेच प्रतिष्ठेचेही होते. जिचे श्रम स्वयंसेवा म्हणून स्वस्तात घेतले जातात, तिचे ज्ञानही स्वस्तच समजले जाते.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न हमखास येईल. आपल्या औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही सूक्ष्म असा थरकाप ती मोजणार आहे. माझा या प्रकल्पाला विरोध नाही. विज्ञानाला विरोध करणारा समाजवाद मला ठाऊक नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्या राष्ट्राला कोट्यवधी प्रकाशवर्षांवरची हालचाल मोजण्याची ईर्ष्या आहे, त्याला त्याच तालुक्यातील ऊसतोड मजुराच्या बाळाचे श्वास मोजणे परवडत नाही, हे कोणी सांगू नये. मिनिटाचे घड्याळ, चित्रफिती आणि तीन महिन्यांतून एक दिवस, यांचा खर्च अशा आकड्यांच्या शेजारी दिसणारदेखील नाही.

शेवटी आपल्या कामाविषयी. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपली माणसे आहेत, पण त्या समितीच्या बैठकीत बालमृत्यू हा विषय क्वचितच निघतो. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीची पद्धत महाराष्ट्रात २००७ पासून आहे. ती कशी वापरावी हे आपणांस ठाऊक आहे. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या आशेला सन्मानाने बोलवावे आणि तिला तीन प्रश्न विचारावेत: शेवटचे शिक्षण केव्हा झाले? त्या वेळी प्रत्यक्ष मूल समोर होते काय? आणि पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले, ते तुम्हांला कोणी कळवले काय? हे प्रश्न तिची झडती म्हणून विचारू नका. तिच्या वतीने शासनाला जाब विचारण्यासाठी विचारा. उत्तरे लिहून काढा, तालुक्याची एकत्र करा आणि ती घेऊन आपण सर्व मिळून जिल्हा परिषदेत जाऊ.